कला शाखेची दुसरी सही

मुंगी पुन्हा वाक्यं अर्धवट सोडायला लागली आहे.

रविवारी आली होती. स्वयंपाकघरात बसून नातीच्या शाळेच्या बुटांबद्दल सांगत होती. "अगं, ते बूट घेतले ना, तर त्यातल्या डाव्याची टाच..." एवढं बोलून थांबली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. नातीने वाक्य पुरं केलं, सगळे हसले, मीही हसले. पण ते सुटलेलं वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं. त्या वर्षीही सुरुवात अशीच झाली होती. आधी वाक्यं सुटली, मग जेवण, मग झोप, आणि मग ती स्वतःच आमच्या हातून सुटत चालली होती.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. चालायला शिकण्याआधी ती चढायला शिकली. कपाट, खिडकीचे गज, वडिलांची पाठ, समोर जे उभं असेल त्यावर. तेव्हा पडलेलं नाव चाळिशीला टेकली तरी सुटलेलं नाही. तिने कामही नावाला शोभेल असंच धरलं. ती लिफ्ट तपासते. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला पट्टा, हातात विजेरी अशी ती लिफ्टच्या टपावर उभी राहते आणि काळोख्या बोगद्यातून वर-खाली जात दोर, ब्रेक, दरवाजे बघते. मग खालच्या खड्ड्यात उतरते. काही बिघडलेलं दिसलं की लिफ्टला कुलूप ठोकते आणि दारावर लाल कागद चिकटवते. त्या दिवशी त्या इमारतीत तिच्याइतकं वाईट माणूस दुसरं नसतं. एकदा सहाव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तिला जिन्यात गाठलं. म्हणाले, माझ्या मुलीच्या वयाची तू, आणि मला या वयात सहा मजले चढवतेस? ती म्हणाली, "चढवतेय आजोबा. पाडत तर नाही ना?" आजोबा वर पोचेपर्यंत हसत होते म्हणे. मधे दोनदा बसले, तेही हसतच.

सुरुवातीला मला या कामाची फार धास्ती वाटायची. दोर तुटल्याची स्वप्नं पडायची. मग सरावले. आईचं मन म्हणजे जुनं पायपुसणं, कशालाही सरावतं. आत्ताची भीती मात्र सरावायची नाही.

ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, वसतिगृहात राहायची. तिच्या खोलीतल्या मुलीने आम्हाला कळवलं की ही झोपत नाही, वर्गात जात नाही, भिंतीकडे तोंड करून बसते. आम्ही जाऊन घेऊन आलो. पुढचे काही महिने ती रुग्णालयात होती, मनाच्या आजाराच्या वॉर्डात. तिथल्या लांबलचक खोलीत तिच्या उशाशी बसून मी लोकरीचं काहीतरी विणायचे आणि घरी आल्यावर उसवायचे. बरी झाली. डॉक्टरांनी परत शिकायला जाऊ दे म्हटलं. आम्ही तिला सोडायला गेलो तेव्हा कळलं की तिचं नाव पटावरून गेलं आहे, खोली दुसऱ्या मुलीला दिली आहे. सलग इतके दिवस गैरहजर राहिलं की नाव आपोआप जातं, मग कारण काहीही असो. तिला नवी विद्यार्थिनी म्हणून पुन्हा अर्ज करावा लागला.

पण तिच्या मनात घर करून बसलं ते वेगळंच. तिचं सामान जिन्याखाली एका पोत्यात भरून ठेवलं होतं. पोतं सोडलं तर आत तिची गादी, तिचा ड्रॉइंग बोर्ड, तिचे कपडे, आणि त्यातच कुणा दुसऱ्याच मुलीच्या चपला आणि चष्मा. हे कुणाचं, असं तिने अधीक्षक बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, असेल कुणाचं, अशीच गेलेली एक होती, ती काही परत आली नाही. एका पोत्यात दोघींचं मावलं म्हणून भरलं. मुंगी तो चष्मा हातात धरून बराच वेळ उभी होती. त्याच्या काचा जाड होत्या. चष्म्याशिवाय ती मुलगी गेली कशी असेल, एवढंच ती मला विचारत होती.

ती शिकली, पदवी घेतली, नोकरीला लागली. लग्न झालं. जावई भूगोल शिकवतो, शांत माणूस आहे, नकाशासारखाच, सगळं जिथल्या तिथे. त्या वर्षाबद्दल घरात कुणी बोलत नसे. मला वाटलं, गंगेला मिळालं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या कंपनीला विद्यापीठाच्या नव्या वसतिगृहाची लिफ्ट तपासायचं काम आलं. ती गेली. लिफ्टचा खड्डा जिन्याजवळ होता. खड्ड्यातून वर आली आणि जिन्याखाली बघितलं, तर तिथे पोती. प्रत्येकावर खडूने खोलीचा आकडा. संध्याकाळी माझ्याकडे आली, हात न धुता तशीच खुर्चीवर बसली. म्हणाली, "आई, इमारत नवी बांधली. पोती तीच आहेत." मी म्हटलं, चहा टाकते. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने ठरवलं की विद्यापीठाच्या नियामक मंडळावर निवडून जायचं आणि तो नियम बदलायचा.

हे मंडळ म्हणजे विद्यापीठाचा खरा मालक. फी, वसतिगृहं, पटावर कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं, सगळं तिथे ठरतं. त्यावर दोन जागा माजी विद्यार्थ्यांच्या असतात. त्यांच्यासाठी नाव सुचवायचे रस्तेही दोन. एक म्हणजे माजी विद्यार्थी संघाची समिती नावं काढते. ती बहुतेक मोठ्या खुर्च्यांतल्या माणसांची असतात, लिफ्ट तपासणाऱ्यांची नसतात. दुसरा रस्ता सह्यांचा. पुरेशा पदवीधरांनी सूचक म्हणून सही केली की कुणीही उभं राहू शकतं. मात्र प्रत्येक शाखेतले निदान दोन सूचक हवेत, एकाच कंपूने आपलं माणूस घुसवू नये म्हणून. शिवाय नुसती सही करून भागत नाही. प्रत्येक सूचकाने मुदतीच्या आत स्वतः निवडणुकीच्या कार्यालयात फोन करून, नोंदणी क्रमांक देऊन, सही आपलीच आहे असं सांगायचं. एका जुन्या निवडणुकीत बरेच मेलेले पदवीधर मोठ्या उत्साहाने सह्या करून गेले होते, तेव्हापासून ही पद्धत पडली म्हणतात.

मुंगीच्या मित्रमैत्रिणींनी सह्यांचा ढीग लावला. ढीग झाल्यावर लक्षात आलं की तो जवळजवळ सगळा इंजिनिअरांचा आहे. इंजिनिअर लोक एकमेकांनाच ओळखतात, त्याला कोण काय करणार. मग पळापळ झाली. एका दंतवैद्य मैत्रिणीने विज्ञान आणि वैद्यक शाखा सांभाळल्या, कुणाच्या तरी साडूने वाणिज्य. कला शाखा राहिली. तेव्हा आमचे हे छाती फुगवून पुढे आले. "कला शाखा म्हणजे आपलं घरच आहे. मी एक, तुझी आई दोन. झाले की दोन." आम्ही दोघंही त्याच विद्यापीठाचे. दोघांनी ऐटीत सह्या केल्या.

मग कार्यालयातून कळलं की यांचं नाव नोंदणीतच नाही. पदवी मिळाल्यावर पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं, ते यांनी कधी नोंदवलंच नव्हतं. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला विद्यापीठाच्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि विद्यापीठाला त्याचा पत्ताच नाही. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जावयाने हळूच विचारलं, "बाबा, आता नोंदवू या का?" तर म्हणाले, "आता त्यांनी माझ्याकडे यावं." शेवटी माझ्या वर्गातली जुनी मैत्रीण, ग्रंथपाल होती, आता निवृत्त, तिने सही दिली. ती खरी वक्तशीर. सही पक्की करा असा संदेश आला त्याच दिवशी कार्यालयात फोन करून मोकळी झाली आणि मग मला फोन करून डिवचलं. "मी परकी असून केला. तू आई असून अजून डोहाळे लागल्यासारखी बसलीयस होय?"

म्हणजे कला शाखेची एक सही पक्की झाली आहे. दुसरी माझी. मी अजून फोन केलेला नाही, आणि परवा मुदत संपते.

का केला नाही, तर त्या निवेदनामुळे. प्रत्येक उमेदवाराला आपल्याबद्दल अर्धं पान लिहून द्यायचं असतं. ते मतपत्रिकेबरोबर छापून झाडून सगळ्या पदवीधरांना जातं. रविवारी मुंगीने ते आम्हाला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य असं की दुसऱ्या वर्षी मी आजारी पडले आणि तो आजार मनाचा होता. पुढे वॉर्ड, पटावरून गेलेलं नाव, पोतं, चष्मा, सगळं. मी नातीला आत पाठवलं. हे म्हणाले, छान आहे, फक्त आजाराला प्रकृतीचं अस्वास्थ्य म्हण, भारदस्तही वाटेल.

मुंगीने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, उद्या लिफ्टचा दोर झिजलेला दिसला, तर अहवालात दोराला अस्वास्थ्य आहे असं लिहू का?"

यावर हेसुद्धा हसले. मला हसू आलं नाही. उंचावर काम करायला तिला दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो देताना आजवर कुणी त्या वर्षाबद्दल विचारलं नव्हतं. तिच्या कंपनीतही त्याच विद्यापीठाचे कितीतरी लोक आहेत. त्यांच्या घरी हे छापील अर्धं पान जाणार. जावयाच्या शाळेत जाणार, नातीच्या मैत्रिणींच्या आयांच्या हातात पडणार. आपली लिफ्ट कुणी तपासली, असं एखाद्या इमारतीतल्या माणसाने विचारलं तर? आणि हे सगळं अंगावर आलं, की तिची वाक्यं सुटतील, मग जेवण, मग झोप. मी हे एकदा बघितलं आहे. दुसऱ्यांदा बघायला मी तेव्हाची राहिलेली नाही.

सोमवारी मला एक फोन आला. संघाच्या छाननी समितीवरच्या एक बाई होत्या. आवाज मायाळू, घाई नाही. त्या म्हणाल्या, निवेदन वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, पण मुलीला कल्पना आहे ना की हे परत घेता येत नाही? एकदा छापलं की छापलं. त्यांच्या नात्यात असंच काहीसं झालं होतं. त्या मुलाने स्वतःहून सांगितलं, पुढे लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, त्या हळू आवाजानेच तो खचला. मी ऐकत होते. मला वाटलं, ही बाई माझ्याच मनातलं बोलतेय.

शेवटी त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला काहीच सुचवत नाही हं. पण माहिती म्हणून सांगते. एखाद्या सूचकाचा फोन आला नाही, तर ती सही गळते, एवढंच. कुणाची गळली ते आम्ही कुणाला कळवत नाही. उमेदवारालासुद्धा नाही."

मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला. करायचं काहीच नव्हतं. उलट काही न करायचंच होतं. फोनला हात लावायचा नाही, बस्स. अर्ज बाद होईल. मुंगी आठवडाभर चिडेल, इंजिनिअर मंडळी कार्यालयाला शिव्या घालतील, हे म्हणतील मला माहीतच होतं. निवेदन छापलं जाणार नाही. घर वाचेल. मंगळवारचा अख्खा दिवस मी असा काढला की जणू निर्णय झालाच आहे. भाजी चिरताना बोट कापलं, तेवढंच.

बुधवारी मात्र राहवलं नाही. नातीचा स्वेटर राहिलाय, असं निमित्त काढून मुंगीला गाठायला गेले. ती एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट बघत होती. तळमजल्यावर दरवाजा उघडा होता, पुढे पट्टी बांधलेली, आत नुसता काळोख आणि लोंबते दोर. दाराशी लिफ्टचा मिस्त्री बसला होता. मी तिची आई म्हटल्यावर त्याने डबा उलटा करून मला बसायला दिला. म्हणाला, "मावशी, ताई दोराशी बोलतात, आमच्याशी नाही. बोलता बोलता मधेच गप्प होतात. मी समजतो, ब्रेकचा आवाज ऐकतायत."

हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. सवय असेल कामाची. मग आठवलं की माझ्या स्वयंपाकघरात ब्रेक नाही.

ती टपावरून उतरून आली, तोंडाला वंगण लागलेलं. मला बघून तिचा चेहराच पडला. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. स्वेटर तिने हातातसुद्धा घेतला नाही.

"तुला वाटतंय ना, की मला परत होतंय," ती म्हणाली.

मी विचारलं, झोप लागते का. म्हणाली, कमी लागते. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले, गोळी थोडी वाढवली आहे, नवऱ्याला माहीत आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू..." ती थांबली. मग ती म्हणाली, "कारण तू अशी बघतेस. आत्ता बघतेयस तशी. मला साधी जांभई आली तरी तू थर्मामीटर शोधायला लागतेस, आई."

मी म्हटलं, अगं मग हा उपद्व्याप कशाला, तब्येत आधी, तो नियम बदलायला दुसरी माणसं आहेत. नोकरीचं काय, तेही विचारलं. ती म्हणाली, कदाचित टपावर चढू देणार नाहीत. खाली बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासावे लागतील. आवडणार नाही, पण करेन. हे तिने इतक्या सरळ सांगितलं की तिने ते कधीच, एकटीने, पुरतं तपासून ठेवलेलं असणार.

आणि झोप? हे मी पुन्हा विचारलं.

"आई, झोप गेलीय ती पोती बघितल्या दिवसापासून. अर्ज भरल्यापासून नाही. अर्ज भरल्यावर उलट दोन रात्री लागली होती." तिने हाताचं वंगण पुसलं. "तू फोन केला नाहीस ना अजून?"

मी नाही म्हटलं.

"तुला भीती वाटते, मला कळतं. मलाही वाटते. नको वाटलं तर नको करूस. पण मग मला तोंडावर सांग. अर्ज पडला असं नुसतं कानावर येऊ नये."

त्या बाईंचा सोमवारी फोन आला होता, हे मी तिला तिथेच सांगून टाकलं. काय म्हणाल्या तेही. कुणाला कळवत नाहीत, तेही. ती ऐकत होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग मंगळवारी तू काय केलंस?" मी माझं बोट दाखवलं. तिने पट्टी बघितली, कुठे कापलं, कशाने, विचारलं, आणि मिस्त्रीने हाक मारली तशी उठली. जाताना स्वेटर घेतला.

घरी येताना सगळ्या वाटेवर मी एकच गोष्ट घोळवत होते. माझी मुलगी आजारी पडू शकते. मी फोन केला तरी पडू शकते, नाही केला तरी. हे मला आधी का दिसलं नाही कोण जाणे. मी आपली हिशोब मांडून बसले होते की फोन न करणं म्हणजे तिला घरात आणून कडी लावणं. पण ती घरात असतानाही झोपत नाहीये. आतल्या खोलीत निजवलं तरी तिच्या डोळ्यांसमोर जिन्याखालचीच जागा आहे. आणि फोन न करता मी गप्प बसले, तर यापुढे तिला कमी झोप लागली की ती मला सांगणार नाही. मी विचारेन, लागते का गं झोप, आणि ती म्हणेल, लागते. तेव्हाची भीती आत्ताच्या भीतीपेक्षा मोठी आहे. आत्ता निदान मला खरं काय ते माहीत आहे. गोळी वाढवली आहे, झोप कमी आहे, डॉक्टरांचा दिवस कुठला आहे, सगळं.

यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. माझ्या सहीला तर किंमतच नाही. मी म्हटलं, तुमच्या सहीचं राहू दे, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे कोण जाणार ते बोला, जावयाच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. हे म्हणाले, मी जाईन. आणि उठून गाडीत हवा आहे का बघायला गेले.

आता सगळे झोपले आहेत. मी हे लिहिते आहे, कारण झोप मलाही नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ते अर्धं पान लोकांच्या हातात पडेल त्या दिवशी काय होईल, मला कल्पना करवत नाही. लोक हळू आवाजात बोलतील कदाचित. तिची वाक्यं आणखी सुटतील कदाचित. मग आम्ही तिच्याबरोबर बसू, जसे बसलो होतो.

सकाळी कार्यालय उघडलं की फोन करणार आहे. हे फिरून यायच्या आत करणार, नाहीतर फोनवर काय बोलायचं ते मला शिकवत बसतील. माझं नाव, कुठल्या वर्षाची पदवी, नोंदणी क्रमांक, आणि सही माझीच आहे, एवढंच तर सांगायचं आहे. आवाज कापला तर कापू दे. पलीकडच्या माणसाला क्रमांक हवा आहे, माझा आवाज नको.